निवृत्तीनंतर एकट्याने राहायला खान्देशातलं कोणतं गाव? अनुभव लिहा

साक्रीची लेक (धागाकर्ती)

मार्चअखेर निवृत्त होते आहे. नाशिकचं भाड्याचं घर सोडून खान्देशात परत यायचं हे पक्कं आहे, कुठे ते अजून ठरत नाही. माहेर साक्री तालुक्यातलं, पण तिथे आता ना घर ना शेती. मुलगा बंगळुरूला असतो. तो बोलावतो, मी जाऊनयेऊन राहीनही, पण कायमचं तिकडे मन रमणार नाही. मला एकटीने राहायचंय, पण माणसांत राहायचंय.

गाडी चालवत नाही. म्हणजे भाजी, किराणा, चक्की, दवाखाना, बँक, देऊळ, वाचनालय, एसटी स्टँड सगळं पायी झालं पाहिजे. माझं माप साधं आहे. कळण्याच्या पिठासाठी ज्वारी-उडदाचा पाच किलोचा डबा हातात घेऊन चक्कीपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि वाटेत कोणीतरी विचारलं पाहिजे, "कथा चालनी व माय?" (कुठे चाललीस गं बाई?)

जे खान्देशात एकटे राहतात, राहून दुसरीकडे गेले, किंवा ज्यांचे आईवडील असे राहतात त्यांनी लिहावं. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, मे महिन्यात किती वाजेपर्यंत बाहेर फिरता येतं, रात्री पोटात दुखलं तर कोण उठतं, घरमालक एकट्या बाईला घर देतो का, असलं लिहा. बिल्डरच्या जाहिराती आणि दलालांचे नंबर नकोत.

गल्लीतली बाई (धुळे, निवृत्त शिक्षिका)

ताई, आधी धुळं बघा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्य ठाणं इथे केलं आणि व्यापाऱ्यांना बोलावून पेठ वसवली. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंच्या सरळ, समांतर, नंबर दिलेल्या गल्ल्या तुम्हाला ठाऊकच असतील. म्हाताऱ्या माणसाला याचा किती फायदा होतो ते इथे राहिल्यावर कळतं. चढ-उतार नाही, पत्ता सांगायला सोपा, आणि एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला असेल तर शेजारच्या गल्लीने जाता येतं.

मी तळमजल्यावर दोन खोल्यांत राहते. घर लांबट आहे, मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. पण पुढे ओटा आहे. संध्याकाळी सहानंतर गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाया ओट्यावर असतो. कोणी मेथी निवडतं, कोणी नातवाला भरवतं. माझं दार सकाळी सातच्या आत उघडतं हे समोरच्या मारवाडी भाभींना माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात तापाने पडून होते तेव्हा साडेसातला त्यांनी कडी वाजवली, आठला त्यांच्या मुलाने स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. मी फोन करायचा होता तो दवाखान्यातून केला.

उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे दिवस आले की पहाटे चारला त्यांचा घाटा शिजायला लागतो. मला आता पातेलं हलवणं झेपत नाही, म्हणून मी गच्चीवर पसरायला असते. एकटी आहे म्हणून मला वगळत नाहीत आणि कीव करून बोलवतही नाहीत. कामाला हात हवा असतो, तो माझा असतो.

पायी जाण्यासारखं पुष्कळ आहे. राजवाडे संशोधन मंडळ, जुन्या पोथ्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर, पांझरेच्या काठी एकवीरा देवी. आग्रा रोडवर मात्र संध्याकाळी मोटरसायकलींची फार गर्दी होते, खरेदी सकाळी अकराच्या आत उरकावी. आणि एक आवर्जून सांगते: पत्र्याच्या छताची वरची खोली स्वस्तात मिळेल, ती घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये तिथे रात्री बारालाही झोप येत नाही.

भुसावळकर (निवृत्त गार्ड)

भुसावळबद्दल लोक आधी उन्हाचंच बोलतात, आणि ते खरंही आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत माझं बाहेरचं आयुष्य पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर. मधला वेळ कूलरपुढे. एकट्या माणसाने कूलर घेताना एक गोष्ट बघावी. पाण्याच्या बादल्या उचलून त्यात ओतायच्या म्हणजे पाठ जाते. मी नळापासून प्लास्टिकची नळी ओढली, टाकीत फ्लोट बसवला, आता हात लावावा लागत नाही.

बायको गेल्यावर मुलीने पुण्याला नेलं होतं. तिथे सकाळी फिरायला जायचो, तासभरात कोणी ओळखीचं भेटायचं नाही. इथे घरापासून दुधाच्या डेअरीपर्यंत जायला अर्धा तास लागतो, कारण दर चार पावलांवर "काय भो, आज उशीर?" होतं. रेल्वेमुळे गावात सगळ्या मुलखांतली माणसं आली आणि राहिली. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर तामिळ फोरमन आहे, बिहारचा ड्रायव्हर आहे, दोघंही माझ्यापेक्षा चांगली शेवभाजी करतात.

रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना रेल्वेच्या दवाखान्यात उपचार मिळतात, हा मोठा आधार. रेल्वेवाले नसाल तर तो मिळणार नाही हे धरून चला. दुसरं असं की रुळांमुळे गावाचे दोन भाग झालेत. तुमचं घर एका बाजूला आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला असेल तर रोज पूल चढावा लागतो. ज्या बाजूला दवाखाना त्याच बाजूला घर घ्या.

अविवाहित, वय ६२

घरमालकांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते, गावाचं नाव लिहीत नाही. नव्या कॉलनीत मला ओळीने नकार आले. कोणी म्हणालं "जोडीला कोण आहे?", कोणी म्हणालं "आम्ही फॅमिलीला देतो". शेवटी घर मिळालं ते जुन्या वस्तीत, सत्तरीच्या जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर. मुलं परदेशी, त्यांनाही रात्री घरात कोणी असावं असं वाटत होतं. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून घेतला, तुम्हीही घ्या. आजी मला अजूनही "पोरी" म्हणते, आणि मला ते आवडतं.

मेहरूणकाठची (जळगाव)

मी जळगावात फ्लॅटमध्ये राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. इथे डॉक्टरांची वाण नाही. हृदयाचा, हाडांचा, डोळ्यांचा, सगळे एका गावात. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसाने हे पहिल्यांदा बघावं असं माझं मत. धुळ्याच्या ताईंचा ओटा मला हवाहवासा वाटला, पण माझ्या दोन अँजिओप्लास्टी झाल्या आहेत.

फ्लॅटमध्ये शेजार आपोआप मिळत नाही. आमच्या मजल्यावरची दोन्ही घरं नोकरीवाली, साडेनऊला कुलपं लागतात. माझी माणसं मला मेहरूण तलावावर मिळाली. पहाटे तिथे अर्धं जळगाव फिरायला येतं. सुरुवातीला मी एकटीच चालायची, मग नमस्कार सुरू झाले, मग हिवाळ्यात बोरं विकायला बसलेल्या मावशीजवळ थांबून गप्पा. आता आम्हा सहाजणींचा नियम आहे: जी येणार नाही तिने सहाच्या आत निरोप टाकायचा. निरोपही नाही आणि माणूसही नाही, तर दोघी तिच्या घरी जातात. माझी एक किल्ली त्यांतल्या एकीकडे असते.

वल्लभदास वालजी (व. वा.) वाचनालयात जाणं हा माझा आठवड्यातला ठरलेला कार्यक्रम, पण तिथे रिक्षाने जावं लागतं. जळगाव लांब पसरलंय, आणि शहरातून महामार्ग जातो. घर बघायला याल तेव्हा मंडई, दवाखाना आणि घर यांच्यामध्ये महामार्ग येतो का एवढं नक्की बघा. तो रोज पायी ओलांडणं आपल्या वयाचं काम नाही.

यावलकर (केळीवाला)

खेड्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फैजपूरजवळच्या आमच्या गावात मी वर्षातले काही महिने एकटा राहतो. माणसं विचारायची काळजीच नाही, दारात बसलो की पाणी पिऊ देत नाहीत इतके येतात. घरचं भरीत, कळण्याची भाकरी कोणी ना कोणी आणून देतं. पण बँक फैजपूरला, तपासण्या त्याहून लांब. रात्रीबेरात्री १०८ ला फोन करायचा आणि वाट बघायची. साखर, बीपी आटोक्यात असेल तोवर गाव. पुढे मी फैजपुरातच खोली घेणार आहे, बसस्टँडजवळ.

बोरीकाठचा (अमळनेर, बँकेतून निवृत्त)

मी दादरची खोली विकून अमळनेरला आलो ते इथे शिकलो म्हणून. १९१६ साली प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी इथल्याच शाळेत शिकवायचे. गाव एवढंसं, पण संध्याकाळी कुठे ना कुठे व्याख्यान, कीर्तन, कवितावाचन चाललेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा मी घरून चालत गेलो, चालत आलो. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, त्या दिवसांत बोरीच्या पात्रात यात्रा असते. एकट्या माणसाला घराबाहेर पडायला निमित्त लागतं, आणि ते इथे वर्षभर मिळतं. माझ्या मते घराचं भाडं बघण्याआधी हे बघावं.

स्टेशन, बाजार, कॉलेज, सगळं पायी. सुरत-भुसावळ लाइनवर असल्याने जळगावला तपासणीला जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. धुळ्याला एसटीने जातो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना कोणत्याही वयात अर्धं. आमच्यातले काहीजण नुसतं पद्मालयाच्या गणपतीला जाऊन यायला म्हणून एरंडोलची एसटी पकडतात.

उणं काय? मोठं आजारपण आलं तर गाव सोडावंच लागतं. आणि पावसाळ्यात गल्लीबोळांत चिखल होतो, काठी असूनही मी दोनदा विचार करून बाहेर पडतो.

चाळीसगावची मुलगी (सध्या पुणे)

आई चाळीसगावला एकटी राहते. मी घर बघायला गेले तेव्हा आईला बरोबर घेतलं आणि तिच्या चालीने घर ते बँक, बँक ते भाजीबाजार, तिथून परत असं चालले. माझ्या पावलांनी जे पाच मिनिटं होतं ते तिच्या पावलांनी पंधरा. त्या पंधरा मिनिटांत टेकायला जागा आहे का? आम्हाला दोन मिळाल्या, एका औषधाच्या दुकानाची पायरी आणि मारुतीच्या देवळाचा पार. गटारीवर फरशी आहे की उघडीच आहे, रस्त्याचा दिवा लागतो का, हे बघायला रात्री आठला पुन्हा गेले. तेव्हा कळलं की एका वळणावर कुत्र्यांचं टोळकं बसतं. ते घर सोडलं, दुसरं घेतलं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागतं, तेव्हा औषधवाल्या काकांचा मुलगा सोबत जातो. मी त्याला सांगितलं नव्हतं. आई रोज त्यांच्या पायरीवर बसते, त्यातूनच ते झालं.

परिचारिका (नंदुरबार)

नंदुरबार छान आहे, माणसं मायाळू आहेत, माणिक चौकाच्या आसपास सगळा बाजार पायी होतो. पण दमा असेल तर आधी ऐका. हिवाळ्यात इथे मिरचीच्या पथाऱ्या पडतात, म्हणजे मोकळ्या जागी लाल मिरची वाळत घालतात. वारा तिकडून आला की घसा धरतो, नव्या माणसाला शिंका आवरत नाहीत. मी नोकरीत असताना त्या दिवसांत खोकल्याचे पेशंट वाढलेले बघितलेत. घर घ्यायचं तर पथाऱ्यांपासून दूर, आणि डिसेंबरात येऊन बघायचं. श्वासाचा त्रास नसेल तर बिनधास्त या.

साक्रीची लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दादांचं कूलरचं आणि चाळीसगावच्या लेकीचं रात्री आठला जाऊन बघायचं मी वहीत लिहून घेतलं. मला दमा नाही, हृदय अजून ठीक आहे, म्हणून धुळं आणि अमळनेर अशी दोनच नावं ठेवली आहेत. धुळ्याच्या ताई, पाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत. तेवढं सांगा.

गल्लीतली बाई (धुळे)

पाणी रोज येत नाही, बरेच दिवस मध्ये जातात, आणि येण्याची वेळ ठरलेली नसते. म्हणून घर बघताना जमिनीखालची टाकी आहे का ते विचारा, आणि मोटर कोण लावतं तेही. माझ्याकडे मालकाची सून लावते, तिला मी त्याबद्दल तिच्या मुलीचं गणित घेते. टाकी नसेल तर पिंपं भरून ठेवणं एकटीला जमणार नाही, मग घर कितीही चांगलं असो.

तुम्ही आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास या. ऊन कडक असतं तेव्हाच घर कळतं. माझ्याकडेच उतरा, मधल्या खोलीत झोपायची सोय आहे. सकाळी डबा घेऊन चक्कीवर जाऊ, मलाही दळण आणायचं असतं.