‘सलग’ हा शब्द काढा

(आमच्या घरच्या ‘वाडा’ या ग्रुपवरची रविवारची चर्चा)

दादा (पुणे), ७:५२
पुढे आलेला मेसेज: सांगोल्याचे गणपतराव देशमुख! सलग ५५ वर्षे आमदार! एकाच मतदारसंघातून ११ वेळा! भारतातला विक्रम! शेवटपर्यंत एसटीने प्रवास! प्रत्येक मराठी माणसाने पुढे पाठवा!

दादा (पुणे), ७:५३
सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. आपल्या तालुक्याचं नाव बघून इथं टाकला.

आप्पा, ८:१०
अकरा वेळा हे बरोबर. एकच मतदारसंघ, एकच पक्ष, तेही बरोबर. ‘सलग’ चुकीचं आहे. तो शब्द काढ आणि मग पुढे पाठव.

दादा (पुणे), ८:१२
आप्पा, चार शब्द इकडं तिकडं. चांगल्या माणसाचं चांगलंच लिहिलंय ना.

आप्पा, ८:३१
चांगल्या माणसाचं चुकीचं लिहू नये म्हणून तर सांगतोय. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, दोनदा पडले. १९७२ ला पडले आणि १९९५ ला पडले. १९९५ ला १९२ मतांनी. मी तेव्हा तालुक्यातच शाळेवर होतो. तो निकाल ज्यांनी ऐकला त्यांना ‘सलग’ हा शब्द वाचवत नाही.

मी, ८:४०
आप्पा, मला सगळी वर्षं क्रमानं द्याल का? राज्यशास्त्राच्या टिपणासाठी हवी आहेत.

आप्पा, ८:५८
लिहून घे. १९६२, १९६७. बहात्तरला पराभव. १९७४ ला पोटनिवडणुकीत परत. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. पंच्याण्णवला पराभव. मग १९९९, २००४, २००९, २०१४. २०१९ ला स्वतःहून थांबले, वयाची नव्वदी ओलांडली होती. ३० जुलै २०२१ ला गेले.

मी, ९:०४
मोजले. अकरा बरोबर येतात. पण ५५ वर्षं येत नाहीत. १९६२ ते ७२ दहा, ७४ ते ९५ साधारण एकवीस, ९९ ते २०१९ वीस. म्हणजे पन्नासच्या थोडं वर.

आप्पा, ९:०६
शाबास. मधे ऐंशीला विधानसभा बरखास्त झाली होती, ते काही महिने धरले तर आणखी थोडं कमी. पन्नास वर्षं म्हण. पन्नास काय कमी आहेत?

नाना (डोंबिवली), ९:१५
आणि ‘भारतातला विक्रम’ पण काढा. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, कधीही न पडता. केरळात के. एम. मणी एकाच पाला मतदारसंघातून तेरा वेळा. महाराष्ट्रातला विक्रम म्हणा, तेवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

वहिनी (पुणे), ९:२२
मी वर्ध्याची, मला खरंच माहीत नाही म्हणून विचारते. पंच्याण्णवला त्यांना हरवलं कोणी?

आप्पा, ९:२५
शहाजीबापू पाटील. काँग्रेसकडून.

वहिनी (पुणे), ९:२६
गुवाहाटीच्या फोनवाले? ‘काय झाडी, काय डोंगार’?

आप्पा, ९:२९
तेच. लोकांना ते २०२२ पासून माहीत, आम्हाला तीस वर्षांपासून. आबासाहेबांसमोर ते पुन्हा पुन्हा उभे राहिले, पुन्हा पुन्हा हरले. चिकाटी त्यांच्यातही आहे, ती मी नाकारत नाही. २०१९ ला आबासाहेब नव्हते, नातू अनिकेत उभे होते. तेव्हा शहाजीबापू ७६८ मतांनी आले. आमच्या तालुक्यात दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि एकेक मत मोजून पडतं.

आत्या (पंढरपूर), ९:४१
बहात्तरच्या दुष्काळाचं मला आठवतं. मी नऊ वर्षांची. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्याला घेऊन झाडाखाली बसायची. सुकडी मिळायची. ती लाल मिलो ज्वारी, भाकरी थापता थापता तुटायची. मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नाव लागलं की नाही याच्यावर घरात चूल पेटायची. त्याच साली हा माणूस निवडणूक हरलेला. तेव्हा मला काही कळत नव्हतं, पण घरात मोठी माणसं बोलायची, आपलं म्हणणं आता मुंबईत मांडणार कोण.

नाना (डोंबिवली), ९:५५
अक्के, तू म्हणतेस त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, मूळचे तासगावकडचे, त्यांची ती कल्पना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्रानं २००५ ला देशासाठी कायदा केला त्याच्या किती आधी बघ. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या आमदाराला ही योजना म्हणजे रोजचं काम होतं. पाझर तलाव कुठं, रस्त्याची खडी कुठं, मजुरी का थकली.

दादा (पुणे), १०:०८
मी आता मनात असलेलं बोलतो, कुणी रागावू नका. पन्नास वर्षं एक माणूस आमदार. मी दहावीला होतो तेव्हाही दारात टँकर यायचा. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी यायला किती वर्षं गेली? साधा आहे, एसटीनं फिरतो, घर साधं, हे सगळं मान्य. पण साधेपणानं शेत भिजत नाही. निवडून देणाऱ्यानं पाणी मागायचं की साधेपणा मागायचा?

आत्या (पंढरपूर), १०:१०
असं बोलू नये रे.

आप्पा, १०:१४
बोलू दे त्याला. प्रश्न बरोबर आहे. मी उत्तर शोधून लिहितो, जरा वेळ द्या. बागेत फवारणी चालू आहे.

नाना (डोंबिवली), १०:३६
आप्पा येईपर्यंत माझं सांगतो. मंत्रालयात मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं आमदारांच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. पन्नास वर्षांत हा माणूस सरकारात किती होता ते मोज. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात मंत्री, ते सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. नंतर १९९९ ला विलासरावांच्या आघाडीत मंत्री. दोन्ही मिळून पाच वर्षंसुद्धा नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर. १९७७-७८ मध्ये तर विरोधी पक्षनेते होते. विरोधी आमदाराच्या हातात निधीची पेन नसते. त्याच्याकडे प्रश्न असतो, लक्षवेधी असते, कपात सूचना असते, अर्ध्या तासाची चर्चा असते. एवढीच अवजारं.

नाना (डोंबिवली), १०:४४
आणि ती अवजारं जुन्या माणसाच्या हातात वेगळी चालतात. नवा सदस्य प्रश्न विचारतो, मंत्री ‘तपासून सांगतो’ म्हणतो, विषय संपतो. जुना सदस्य असेल तर अमुक अधिवेशनात याच विषयावर सभागृहात काय आश्वासन दिलं होतं ते त्याला ठाऊक असतं. मग उत्तर लिहिणाऱ्याला कपाटातून जुनी फाइल काढावीच लागते. दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न आला की आम्ही उत्तर दोनदा वाचून वर पाठवायचो. कुणी ओरडेल ही भीती नव्हती. कुणाला तरी आठवत असेल ही धास्ती होती.

मी, १०:५०
नाना, हे मी टिपणात घेते. १९६२ ला सभागृह केवढं होतं?

नाना (डोंबिवली), १०:५३
२६४. नंतर २७० झालं, १९७८ पासून २८८. आबासाहेब पहिल्यांदा आले तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, शेवटच्या दिवशी देवेंद्र फडणवीस. शरद पवार पहिल्यांदा आमदार झाले १९६७ ला, म्हणजे यांच्यानंतर पाच वर्षांनी. आणि त्या पहिल्या सभागृहात त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, शेकाप, मुख्य विरोधी पक्ष होता. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते. आज कुणाला खरं वाटणार नाही.

आप्पा, ११:४७
आलो. आता दादाच्या प्रश्नाचं.

पाणी उशिरा आलं हे खरं. आपला तालुका माणदेशाचा. माण नदी पावसाळ्यातसुद्धा सगळे दिवस वाहत नाही. नीरा उजव्या कालव्याचं पाणी तालुक्याच्या एका बाजूला, तेही शेवटच्या टोकाला. कृष्णेचं पाणी टेंभूला, कराडजवळ. तिथून ते टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणायचं म्हणजे पंपगृहं, वीज, पैसा, आणि वाटेत प्रत्येक तालुक्याची मागणी. वरच्या आमदारांची संख्या जास्त, कारखाने त्यांच्याकडं, मंत्रिपदं त्यांच्याकडं. खालच्या टोकाचा एक आमदार, तोही विरोधी पक्षाचा.

मग या माणसानं काय केलं, तर १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब. तेरा दुष्काळी तालुके एकत्र. मागणी अशी की पाणी उसाला आधी आणि उरलं तर आम्हाला, असं नको. समन्यायी वाटप हवं, प्रत्येक कुटुंबाला वाटा हवा. मी दोन परिषदांना गेलोय. ट्रॉलीत बसून गेलेली माणसं, बायका, पोरं, डोक्यावर ऊन.

आणि आता ‘सलग’ शब्दावर मी का अडलो ते सांगतो. परिषदा सुरू होऊन दोन वर्षं झाली आणि पंच्याण्णवला ते पडले. आमदारकी गेली. परिषद सोडली नाही. साडेचार वर्षं तो माणूस आमदार नसताना तेच काम करत होता. मेसेजमध्ये ‘सलग’ लिहिलं की ती साडेचार वर्षं पुसली जातात. माझ्या लेखी त्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी वर्षं तीच.

वहिनी (पुणे), ११:५५
आप्पा, हेच विचारणार होते. हरल्यावर माणूस कुठं जातो ते.

आप्पा, १२:०१
कुठं जायचं? त्या काळात पक्ष बदलणारे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. शेकाप तर दरवेळी लहान होत चाललेला. खटाऱ्याचं चिन्ह घेऊन उभं राहायचं म्हणजे सत्ता मिळणार नाही हे धरूनच. ते तिथंच राहिले. सूतगिरणी बघायची, पाण्याच्या बैठका, लग्नं, मयती. सूतगिरणीचं तर बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याकडं कापूस पिकत नाही आणि सहकारी सूतगिरणी उभी केली, चालवून दाखवली. नंतर बायकांसाठी वेगळी काढली.

आत्या (पंढरपूर), १२:०६
आपल्या मधल्या वहिनींची थोरली त्यातच कामाला होती. तिचं पहिलं मंगळसूत्र तिनं स्वतःच्या पगारातून केलं.

दादा (पुणे), १२:२०
आप्पा, पंच्याण्णव ते नव्व्याण्णवचं मला माहीत नव्हतं. मी तेव्हा लहान. पण एक गोष्ट तरी तुम्ही मान्य करा. तालुका एकाच माणसावर राहिला. त्यांच्यानंतर कोण, याची तयारी झाली नाही. म्हणून २०१९ ला ७६८ मतांनी गेलं.

आप्पा, १२:२८
मान्य. पूर्ण मान्य. दुसरी फळी उभी राहायला हवी होती, आणि ती घराबाहेरचीही असायला हवी होती. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आले, पण पक्षाची राज्यात तीच एक जागा. धुळपांच्या वेळचा पक्ष आणि ही एक जागा. मला त्याचं दुःख आहे.

नाना (डोंबिवली), १२:३५
आणखी एक. डाळिंबाचं सगळं श्रेय पण कुणी त्यांच्या नावावर टाकेल, तर तेही नको. १९९० ला रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली, ती राज्याची. खड्डे खणले, पाणी डोक्यावरून घातलं, ते शेतकऱ्यांनी. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालला सुटली, ती त्या घामावर. आबासाहेबांनी योजना तालुक्यात नेटानं राबवून घेतली असं म्हणा.

आप्पा, १२:३७
बरोबर. सध्या तेल्यानं आणि मर रोगानं बागा जातायत, त्यासाठी आता सभागृहात बोलणारं कुणीतरी हवं. ते वेगळं बोलू.

मी, १:१०
मी मेसेज नव्यानं लिहिलाय. बघा:

“गणपतराव देशमुख. सांगोला, जि. सोलापूर. शेतकरी कामगार पक्ष. १९६२ ते २०१४ या काळात एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ११ वेळा आमदार, हा महाराष्ट्रातला विक्रम. १९७२ ला हरले, १९७४ ला परत आले. १९९५ ला १९२ मतांनी हरले, १९९९ ला परत आले. दोनदा मंत्री, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर. आमदार असताना आणि नसतानाही तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी लढले. एसटीनं प्रवास करत.”

आत्या (पंढरपूर), १:१४
एसटीचं ठेवलंस ते बरं केलंस. सांगोला स्टँडवर कितीदा पाहिलंय. हातात पिशवी, आणि बाजूला कुणी ना कुणी कागद घेऊन उभं.

आप्पा, १:१७
१९७४ पुढं ‘पोटनिवडणुकीत’ घाल. बाकी ठीक.

मी, १:१९
घातलं.

दादा (पुणे), १:३०
सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आधीचा काढून टाकला.

दादा (पुणे), १:४२
आप्पा, तिथं एकानं विचारलंय, १९२ मतं की १९,२०० पैकी काही सुटलं? त्याला छापण्यातली चूक वाटतेय.

आप्पा, १:४४
एकशे ब्याण्णव. आकड्यातही लिही आणि अक्षरांतही लिही.