टेसरॅक्टने स्कॅन केलेल्या मराठी पानांतला मजकूर नीट का उतरत नाही?

प्रश्न
माझ्याकडे एका जुन्या छापील पुस्तकाची स्कॅन केलेली पाने एकाच पीडीएफ फाइलमध्ये आहेत आणि त्यांतला मजकूर संपादित करता येईल अशा स्वरूपात मला हवा आहे. टर्मिनलवरून टेसरॅक्ट हे प्रतिमेतला मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर चालवले, तर त्याने पीडीएफ स्वीकारलीच नाही; एका पानाची जेपीईजी प्रतिमा दिली, तेव्हा रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती सरमिसळ हाती आली. पाने दोन स्तंभांत छापलेली असून काही किंचित तिरपी आहेत. नेमके काय करावे?

प्रतिसाद १
टेसरॅक्ट फक्त प्रतिमा वाचते, त्यामुळे पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातील ‘पीडीएफटूपीपीएम’ ही आज्ञा वापरून आधी प्रत्येक पानाची ३०० डीपीआयची (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांची) पीएनजी प्रतिमा काढून घ्यावी. भाषा सांगितली नाही, तर ते मजकूर इंग्रजी आहे असे गृहीत धरते आणि सरमिसळ त्यामुळेच होते. मराठी अक्षरे ओळखण्यासाठीची प्रशिक्षित फाइल बसवलेली आहे का, हे भाषांची यादी मागवून पाहावे आणि मग ‘एल’ या पर्यायापुढे मराठीचा संकेत द्यावा. मजकुरात इंग्रजी शब्द असतील, तर अधिक चिन्हाने दोन्ही भाषा जोडता येतात.

प्रतिसाद २
वरील उत्तर बरोबर आहे, पण खरी मेहनत प्रतिमेवर घ्यावी लागते, असे माझे ठाम मत आहे. ओळखण्यापूर्वी टेसरॅक्ट पानाचे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करते; पान पिवळट असेल किंवा बांधणीकडच्या कडेला सावली पडली असेल, तर त्या भागातली अक्षरे डागांत बुडून जातात. म्हणून कडा कापून टाकाव्यात आणि इमेजमॅजिक या प्रतिमा सुधारण्याच्या साधनातील ‘डेस्क्यू’ पर्यायाने पान सरळ करावे, कारण पान तिरपे असले की ओळी वेगळ्या करण्याचे काम बिघडते. कमी डीपीआयवर स्कॅन केलेली प्रतिमा नंतर मोठी केल्याने हरवलेले बारकावे परत येत नाहीत. मूळ पुस्तक हाताशी असेल, तर ते पुन्हा स्कॅन करणेच श्रेयस्कर.

स्तंभांबाबत एक सावधगिरी बाळगावी. पानाची मांडणी कशी वाचायची हे ठरवणाऱ्या टेसरॅक्टच्या ‘पीएसएम’ पर्यायाला ६ हा आकडा द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्यात सगळे पान मजकुराचा एकच सलग ठोकळा मानले जाते, त्यामुळे डाव्या स्तंभातली ओळ संपते न संपते तोच उजव्या स्तंभातली ओळ तिला चिकटते. आपोआप मांडणी ओळखणारा ३ हा मूळ पर्यायच ठेवावा. तरीही स्तंभ मिसळले, तर प्रत्येक स्तंभ कापून वेगळा द्यावा आणि मगच ६ वापरावा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कडा कापून पाने सरळ केल्यावर स्तंभ वेगळे झाले आणि मजकूर बराच शुद्ध आला. आता ‘ष’च्या जागी ‘प’ आणि ‘घ’च्या जागी ‘ध’ अशा चुका उरल्या आहेत. त्या कशा कमी कराव्यात?

प्रतिसाद ३
२०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट न्यूरल नेटवर्क (नमुन्यांवरून शिकणारी प्रणाली) वापरते आणि त्याच्या भाषा-फाइलींचे ‘फास्ट’ व ‘बेस्ट’ असे संच मिळतात. ‘बेस्ट’ संचातली मराठी फाइल वापरून पाहावी. वेळ जास्त लागतो, पण पुस्तकासाठी तो द्यावा. तपासणीसाठी टीएसव्ही (टॅबने रकाने वेगळे केलेल्या तक्त्याच्या) स्वरूपात निकाल मागवावा, कारण त्यात प्रत्येक शब्दापुढे खात्रीचा आकडा १०० पैकी दिलेला असतो आणि कमी आकड्यांचे शब्द आधी पाहता येतात. मात्र चुकीच्या शब्दालाही कधी मोठा आकडा मिळतो, म्हणून सनावळ्या आणि विशेषनामे मूळ पानाशी ताडून पाहावीतच.