पॅनिक अटॅक: रोजच्या दिवसात तुम्ही काय बदललंत?

ज्यांना पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी जबर भीती, धडधड, घाम) येतात त्यांनी रोजच्या वागण्यात काय बदललं, आणि त्याचा खरंच उपयोग झाला का, ते इथं लिहा. ‘टेन्शन घेऊ नकोस’ सोडून काहीही चालेल, तो सल्ला सगळ्यांना फुकट मिळालाय. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी ईसीजी, मग हा धागा.

कोल्हापूर, शाहूपुरीतून
आमच्या घरात 2019 ला पुराचं पाणी आलं, 2021 ला परत. तेव्हापासून रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मला दरदरून घाम. अंथरुणात पडून मोबाईलवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत बसायची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. माझी झोप त्याच्या कितीतरी आधीच उडालेली. बघितलं की जरा बरं वाटायचं, की परत बघावंसं वाटायचं. समुपदेशक ताईंनी नेमकं तेच बंद करायला लावलं. पातळी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. झोपताना फोन बाहेरच्या खोलीत. सुरुवातीला जीव नुसता कासावीस. कागदपत्रं आणि आईंच्या औषधांची पिशवी आता मे महिन्यातच माळ्यावर चढते, कुणाकडं जायचं तेही ठरलेलं असतं. भीती गेलेली नाही. पण परवा ह्यांनी ‘पातळी किती झाली गं?’ म्हणून विचारलं आणि मला माहीतच नव्हतं!

उद्यमनगर, फौंड्रीवाला
आमच्यात कोण आलं की चहा, भट्टी थांबली की चहा, रात्रपाळीला तर विचारूच नका. अटॅक आला की हाताला मुंग्या, ओठ बधिर. वाटायचं लकवाच मारतोय. डॉक्टर म्हणाले, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्याच्या. हे कळल्यावर निम्मं भ्या तिथंच गेलं. आता घेतोय त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावतोय, अन् पोट हललं पाहिजे, छाती नव्हं. चहानं धडधड वाढते, म्हणून तो पण एकदम कमी केलाय. पोरं विचारत्यात, ‘आजारी हाईस काय भावा?’

रंकाळा, सकाळची
चालण्यानं झोप सुधारली, मान्य. पण माझी धडधड निघाली थायरॉईडची. रक्त तपासा आधी.

मंगळवार पेठेतून
गर्दीत अटॅक आला म्हणून मी महाद्वार रोड सोडला. मग मंडई सोडली, मग केएमटीची बस. टाळलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं आणि भीती एक गल्ली पुढं सरकते. आता वहिनीला घेऊन जाते. आधी नुसतं बिंदू चौकापर्यंत गेलो, मग थोडं थोडं आत. आला तर पळायचं नाही, बसायचं. साधारण दहा मिनिटांत कळस होतो आणि मग उतरतो. एकदा चप्पल लाईनमध्ये एका दुकानात अशीच टेकले. दुकानदार म्हणाला, ‘ताई, नंबर किती?’ चप्पल घेऊनच उठले. चांगली निघाली.

कसबा बावड्यातून
माझ्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, योगा करतेस ना, मग गोळ्या कशाला? बंद करू का?

धागाकर्ती
स्वतःहून अजिबात नको. डॉक्टर हळूहळू कमी करतात, एकदम सोडल्या तर त्रास होतो. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू देत.