मदत हवी आहे: उबुंटूत उतरवलेलं सॉफ्टवेअर उघडतच नाही

अर्धविराम: फाईल उतरवली, डबल क्लिक केलं, काही म्हणजे काही होत नाही. एररही नाही. काम आज रात्री द्यायचंय. 'आधी लिनक्स शिका' हे उत्तर नको.

टिंबटिंब: फाईल कुठली? डेब (इन्स्टॉल करायचं पॅकेज) की ॲपइमेज (एकाच फाईलीतून थेट चालणारं ॲप)? उबुंटू कितवं?

खिडकीवाला: विंडोजच बरं होतं. तिथली सॉफ्टवेअर टाकायची कमांड: विनगेट इन्स्टॉल, पुढे नाव, एंटर. विषय संपला.

अर्धविराम: ॲपइमेज, 24.04. त्याने काय फरक पडतो?

टिंबटिंब: बराच पडतो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'एक्झिक्युटेबल ॲज प्रोग्रॅम' चालू करा. मग त्याच फोल्डरात टर्मिनल उघडून डॉट, स्लॅश आणि लगेच फाईलचं नाव टाका. डबल क्लिकमध्ये गिळलेली एरर तिथे दिसेल.

अर्धविराम: ते चालू केलं होतंच. 'लिबफ्यूज डॉट एसओ डॉट २' लोड होत नाही म्हणतोय.

टिंबटिंब: हे आधी सांगायचं ना! बऱ्याच ॲपइमेजना आतल्या फाईली उघडायला फ्यूज २ ही लायब्ररी लागते आणि 22.04 पासून ती उबुंटूसोबत येत नाही. टर्मिनलमध्ये टाका: सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबफ्यूज२टी६४. नुसतं 'फ्यूज' हे पॅकेज टाकू नका, जुन्या धाग्यांत तेच लिहिलेलं असतं. त्याने फ्यूज ३ काढलं जाऊन डेस्कटॉपचे भागही सोबत जाऊ शकतात.

सफरचंद्र: मॅकवर डीएमजी (तिथली इन्स्टॉलची फाईल) उघडा, चिन्ह ॲप्लिकेशन्समध्ये ओढा. झालं.

खिडकीवाला: झालं कुठे? डेव्हलपरने ॲपलकडून तपासून (नोटराइझ) घेतलेलं नसेल तर मॅकचा पहारेकरी गेटकीपर अडवतो. मॅकओएस सिक्वोयापासून कंट्रोल-क्लिकची पळवाटही बंद. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन 'ओपन एनीवे' करा.

सफरचंद्र: आणि अनोळखी ॲप अडवणारं तुमच्या विंडोजचं स्मार्टस्क्रीन काय हार घालून स्वागत करतं?

अर्धविराम: भांडणं नंतर. लिबफ्यूज टाकलं, आता सँडबॉक्सची एरर आली.

टिंबटिंब: म्हणजे ॲप बहुधा इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमियम ब्राउझरच्या पायावर, बांधलेलं आहे. त्याच्या सँडबॉक्सला, म्हणजे ॲपला वेगळं कोंडून ठेवणाऱ्या कवचाला, यूजर नेमस्पेस ही लिनक्सची सोय लागते. 24.04 मध्ये ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना ती मोकळेपणी वापरू देत नाही, तिथे अडलंय.

झटपट: शेवटी 'नो-सँडबॉक्स' जोडा, चालेल.

टिंबटिंब: चालेल, पण ॲपचं संरक्षक कवचच काढलंत. त्यांच्या साइटवर डेब असेल तर ती घ्या. सुडो ॲप्ट इन्स्टॉल, मग डॉट-स्लॅश लावून फाईलचं नाव. डॉट-स्लॅश विसरलात तर ॲप्ट ते नाव उबुंटूच्या ऑनलाइन साठ्यात (रिपॉझिटरीत) शोधत बसेल.

झटपट: त्यापेक्षा डीपीकेजी हायफन आय ही कमांड छोटी पडते.

टिंबटिंब: ती डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी इतर पॅकेजेस, आणत नाही. पॅकेज अर्धवट लटकतं, मग फिक्स-ब्रोकन करत बसा.

अर्धविराम: डेब मिळाली, उघडलं! आता ती ॲपइमेज अनइन्स्टॉल कशी करू?

टिंबटिंब: डिलीट करा. ती इन्स्टॉल झालीच नव्हती.