मदत हवी आहे: गढूळ पाण्यात डायव्हिंगसाठी रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणारं यंत्र), पिस्टन की डायफ्रॅम?
सांगलीत कृष्णेवर आमचा बचाव गट आहे. उतरणारे सगळे प्रशिक्षित आहेत, तो प्रश्न नाही. खोली फार नसते, पण पावसाळ्यात पाणी म्हणजे नुसता चहा. तारकर्लीला अनबॅलन्स्ड, म्हणजे साध्या रचनेचा, पिस्टनवाला वापरून पाहिला. समुद्रात झकास चालला. सुटे भाग कमी, किंमतही कमी. पण पिस्टनच्या स्प्रिंगपाशी बाहेरचं पाणी शिरतं, म्हणजे आमच्याकडे गाळच की! सील्ड डायफ्रॅममध्ये (स्प्रिंग बाहेरच्या पाण्यापासून पडद्याने बंद असते) ती भानगड नाही, मात्र तो महाग आणि सर्व्हिसिंगही किचकट. सिलेंडर योक व्हॉल्व्हचे (रेग्युलेटर वरून पकडीने आवळायचा) आहेत, त्यामुळे डिन (आट्यांनी बसणारा) सुचवू नका. सर्व्हिसिंग पुण्याला, वर्षातून एकदाच परवडतं. नदीच्या गाळात प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनीच सांगा: दर वेळी स्वच्छ पाण्याने नीट धुतला तर साधा पिस्टन वर्षभर भरवशाचा राहतो का, की सील्ड डायफ्रॅमसाठी थांबून पैसे जमवावेत?