जांबोटी रस्त्यावरच्या ‘घरचा बोकड, घरची कोंबडी’ खानावळी : खरंच पाळतात का?

पुण्यातला_बेळगावकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबा आणि पोरांना घेऊन गावी येतोय. बेळगावातनं पिरनवाडी, किणये ओलांडून जांबोटीकडं निघालं की हल्ली ‘घरचा बोकड, घरची कोंबडी, चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या दिसतात. आईनं बाहेरचं मटण सोडलंय. ती म्हणते, जनावर कुणाच्या गोठ्यातलं आणि काय खाऊन वाढलं ते सांगा, मग जेवते. तिला एकदा तसं जेवायला न्यायचंय. ही माणसं खरंच पाळतात, की पहाटे बेळगावातनं मटण आणून चुलीवर ठेवतात? आधी सांगावं लागतं का? आईचे दात आता कच्चे झालेत आणि पोरांना तिखट चालत नाही, तेही बघायचंय.

नंदगडची_लेक
दादा, आमच्या घरी शेळ्या आहेत आणि ओळखीच्या खानावळीला आम्ही बोकड देतो, म्हणून हिशोबच मांडते.

शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते. दोन वर्षांत तीन वेतं मिळाली तर चांगलं. बऱ्याचदा जुळी होतात, एखादं दगावतं. म्हणजे वीस शेळ्यांमागं वर्षाला चाळीस-पंचेचाळीस करडं, त्यातले निम्मे बोकड. पाट, म्हणजे मादी करडू, आपण कापत नाही, ती पुढं दावणीला लागते. २२ किलोचा बोकड कापला की हाडासकट मटण पडतं १० किलोच्या आसपास, त्यात पन्नासेक ताटं होतात. आता बघा, वीस शेळ्यांच्या घरात दर दोन-अडीच आठवड्यांनी एक बोकड निघतो, फार तर एका रविवारचं जेवण. जिथं रोज दुपारी आणि रात्री मटण आहे, तिथं तीनशेच्या वर शेळ्या लागतील. तेवढा कळप आमच्या खानापूरच्या पावसात कोण सांभाळेल? जूनपासून ओल हटत नाही, खुरं कुजतात, जंत होतात. आम्ही शेळ्या लाकडी माच्यावर ठेवतो, खाली लेंड्या पडून जातात, तरी श्रावणापर्यंत जीव टांगणीला असतो. पावसाआधी आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्याच्या रोगाची, लस चुकवून चालत नाही. सौंदत्ती-अथणीकडच्या कोरड्या माळाची गोष्ट वेगळी.

म्हणून फोनवर ‘या रविवारी मटण नाही, कोंबडी आहे’ असं जे सांगतात, तिथं बिनधास्त जावा.

कोंबडीचंही तसंच. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलो भरतो. गावरान कोंबडा पाच-सहा महिने उकिरडा उकरतो, तेव्हा कुठं दीड किलोच्या घरात जातो. बऱ्याच ठिकाणी गावरान म्हणून गिरीराज वाढतात. ती बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली जात. परसात चांगली वाढते, मला तिच्यात वाईट काही दिसत नाही, पण पैसे गावरानचे घेऊ नयेत. गिरीराज खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढत नाही. तेव्हा जेवायच्या आधी मागच्या अंगणात एक चक्कर मारा. पिल्लं मागं घेऊन हिंडणारी कोंबडी आहे का, तुम्ही जवळ गेलात की ती पिसं फुलवून अंगावर येते का, ते बघा. माच्याखाली ताज्या लेंड्या आणि वर टांगलेला झाडपाला दिसला तर शेळ्याही तिथल्याच. खरं पाळणारा माणूस स्वतःच दाखवायला घेऊन जातो, कुठली कुणाची पिल्लं हेसुद्धा सांगतो.

आईसाठी मानेचं मटण मागा, मंद आचेवर ते मऊ होतं. गावरान कोंबडा त्यांना नको, चिवट लागेल. पोरांना अळणी द्यायला सांगा. संकेश्वरी मिरचीचं वाटण पडायच्या आधीच वाटीभर बाजूला काढतात, भातावर घेतलं की पोरं आणखी मागतात.

निपाणीचा_पाव्हणा
ताई, हिशोब बरोबर हाय, पण जरा कडक लावलाय. आमच्या निपाणी-चिकोडी भागात बाजारातनं लहान बोकड आणून तीन-चार महिनं दावणीला बांधत्यात. भुईमुगाचा पाला, मका, शेवरी घालत्यात. जन्म दुसऱ्याच्या गोठ्यात झाला म्हणून त्या माणसानं काढलेले कष्ट कमी हुत्यात का? रोज सकाळी पाणी दाखवणारा त्योच की. तशा ठिकाणी दर आयतवारी मटण मिळालं तरी शंका घिऊ नका.

नंदगडची_लेक
मान्य आहे दादा, आणि आमच्या बोकडांनाही गिऱ्हाईक तसंच मिळतं. मालकानं विचारल्यावर सरळ सांगावं, एवढंच माझं म्हणणं. आम्ही दिलेला बोकड कुणी स्वतःच्या दावणीचा म्हणून खपवला तर मला राग येतो, कारण त्याला आजारपणात रात्र-रात्र माझ्या सासूबाईंनी जपलेलं असतं.

पुण्यातला_बेळगावकर
ताई, पाव्हणं, दोघांचेही आभार. लेंड्या आणि पिल्लांचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘हिला कळतंय, हिनं सांगितलं तिथंच जाऊ.’ आणखी एक विचारतो. रविवारी तिथं बाटल्या घेऊन बसणारे असतात म्हणे. बायका-पोरं घेऊन कधी जावं?

नंदगडची_लेक
दुपारीच जावा, साडेबाराच्या आत. गोव्याहून चोर्ला घाट चढून येणाऱ्या गाड्या तिसऱ्या प्रहरानंतर थांबायला लागतात, मग गलका वाढतो. तोवर मटण संपलेलंही असतं. शुक्रवारी संध्याकाळी फोन करून माणसं किती ते सांगा, म्हणजे शनिवारी ते ठरवतात कापायचं की नाही. आणि सांगितलंत तर जावाच, तुमच्या भरवशावर एक जनावर कापलेलं असतं. गेल्यावर तासभर बसायची तयारी ठेवा, भाकरी एकेक थापून देतात. तांदळाची मऊ असते, आईंना तीच सांगा. मे महिन्याच्या उन्हात उरलेला रस्सा डब्यात भरून पुण्याला न्यायचा विचार मात्र करू नका, वाटेत विटेल. न्यायचंच असेल तर घरच्या कांदा-लसूण चटणीची पुडी मागा, बहुतेक ठिकाणी देतात.