मदत हवी आहे: पिकअपमागे ट्रॉली ६० च्या पुढे झोलते

काटोलहून कळमना मार्केटला संत्र्याचे क्रेट न्यायचे आहेत. पिकअपमागे एकाच अ‍ॅक्सलची ट्रॉली, भरून १२०० किलो. ६० च्या वर गेलं की ट्रॉली डावी-उजवी झोलते, आणि शेजारून ट्रक गेला की जास्तच.

धर्मकाट्यावर फक्त पिकअप चढवून, ट्रॉली जोडून आणि सोडून असं दोनदा वजन केलं. फरक आला ७० किलो, म्हणजे ट्रॉलीच्या वजनाच्या जेमतेम ६ टक्के भार हुकवर. १० ते १५ टक्के हवेत, म्हणून क्रेट पुढे सरकवून १४० केले. झोल बराच कमी झाला, पण आता पिकअपचं मागचं अंग ७ सेंमी बसतं, पुढचं २ सेंमी उचलतं. स्टेअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. हे धोक्याचं वाटतं.

गॅरेजवाले मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाका म्हणतात. पण पाटा काय, स्प्रिंगला आधार देणारी हवेची एअर बॅग काय, मागची बाजू उचलेल. पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत कसं येणार? त्यासाठी स्प्रिंग बारवाला, वजन वाटून देणारा हिच (ट्रॉली जोडायची हुकाची जोडणी) लागतो ना? नागपुरात तो कोणी बसवून देतं का? चेसिसला वेल्डिंग नको, बोल्टवरच हवा.

शिवाय रिकाम्या फेरीत जादा पाट्याने गाडी किती उडते? टायरची हवा सकाळी थंड असतानाच, कंपनीच्या पूर्ण लोडच्या आकड्याप्रमाणे भरलेली आहे. आंबिया बहार तोडणीला येतोय, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.